मारुती उजवीकडे होता

मी अठरा वर्षं वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. या कामात एक सवय लागते. कोणी सांगितलं, कधी सांगितलं, सांगणाऱ्याने स्वतः पाहिलं का, हे विचारल्याशिवाय कागदावर ओळ उतरत नाही. वाशीच्या एका रिकाम्या इमारतीत बाई रडते अशी बातमी आमच्याकडे आली होती, तेव्हा मीच बातमीदाराला परत पाठवलं. गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह निघाला. ‘अमानवीय’ हा शब्द मी माझ्या हाताने कित्येक मजकुरांतून खोडला आहे. त्यामुळे खालचा मजकूरही त्याच पद्धतीने लिहितो — जे पाहिलं ते पाहिलं म्हणून, जे ऐकलं ते ऐकलं म्हणून. निष्कर्ष माझ्याकडे नाही.

साल सत्त्याण्णव, जानेवारी महिना, रविवार. ठिकाण नेरूळ, आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. हॉलच्या गॅलरीत उभं राहिलं की दोन इमारतींच्या फटीतून सारसोळ्याच्या खाडीचा बोटभर पट्टा दिसायचा. घरात मी, माझी बायको सुनंदा आणि माझे वडील.

वडिलांना मी नाना म्हणायचो, बाकी सगळे मास्तर. सातारा जिल्ह्यात कृष्णेकाठच्या एका गावी ते शाळेत चित्रकला शिकवत. गावाचं नाव देत नाही, ते आता नकाशावर नाही. धरणात गेलं. गावातून नदीकडे उतरणारी आमची आळी म्हणजे घाटआळी. एका हाताला नऊ घरं, दुसऱ्या हाताला दहा आणि खाली दगडी घाट. गाव उठायच्या आधीच्या हिवाळ्यात नानांनी तालुक्याच्या फोटोग्राफरकडून कॅमेरा मागून आणला आणि प्रत्येक घराचा एक फोटो काढला. घरातली सगळी माणसं दारासमोर ओळीने उभी. एकोणीस घरांचे एकोणीस फोटो. विसावा घाटाचा, त्यात माणूस नाही. आमच्या घराच्या फोटोत आई आहे आणि सहा वर्षांचा मी आहे, नेमके डोळे मिटलेला. नाना नाहीत. ते कुठल्याच फोटोत नाहीत, कारण कॅमेरा त्यांच्या हातात होता.

आळीतली आठ घरं पुढे पोटापाण्यासाठी नव्या मुंबईत आली. कुणी मार्केटमध्ये माथाडी झालं, कुणी भाजीच्या धंद्यात शिरलं. यात्रा करायला गावच उरलं नव्हतं, म्हणून यांनी एक रीत पाडली. यात्रेच्या जवळच्या रविवारी सगळे आमच्याकडे जमायचे आणि ‘आळी मांडायचे’. हॉलमधलं सामान हलवायचं, पांढरी चादर अंथरायची आणि नानांचे फोटो घरांच्या क्रमाने समोरासमोर दोन ओळींत मांडायचे. मधे दोन फुटांची वाट. गॅलरीच्या दाराशी, वाट संपते तिथे घाटाचा फोटो आणि शेजारी पाण्याने भरलेला तांब्या. मग एकेकाने चपला बाहेर काढून त्या वाटेने वरून खाली चालत यायचं. आपल्या घराशी थांबायचं. सुनांनी प्रत्येक उंबऱ्यावर हळदकुंकू वाहायचं, घाटाला नमस्कार करायचा आणि आल्या वाटेने परतायचं.

शेवटचं माणूस परतलं की फोटो उचलायचे, पण आधी घाट, मग घरं. हा क्रम कधी चुकलेला नव्हता. मी एकदा कारण विचारलं तर हौसाकाकू म्हणाल्या, “पान्याची वाट उघडी ठिवायची नसती.”

हौसाकाकू म्हणजे आळीतल्या सखारामकाकांची बायको. काका मार्केटमध्ये गोण्या उचलत, काकू तुर्भ्याला भाजी विकत. फोटोत त्या आहेत, नुकत्या लग्न होऊन आलेल्या, हातात परात. फोटो काढतायत म्हटल्यावर परात खाली ठेवायची राहून गेली.

आता त्या वर्षीची घरातली परिस्थिती. नानांना दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू होता. उजेड आणि अंधार एवढाच फरक कळायचा. ऑपरेशन फेब्रुवारीत ठरलं होतं. पण डोळ्यांपेक्षा दुसरी काळजी मोठी होती. आई सहा वर्षांपूर्वी गेली आणि त्यानंतर हळूहळू नाना “आपण परत कधी जायचं?” असं विचारायला लागले. कुठे, ते सांगायचे नाहीत. डिसेंबरात दोनदा ते पिशवी घेऊन जिना उतरले. दोन्ही वेळा वॉचमनने गेटवरून परत आणलं. डॉक्टर म्हणाले वय आहे, एकटं सोडू नका. दाराला वरची कडी बसवून घेतली. बाहेर पडले आणि सापडले नाहीत तर… ही भीती आम्हा दोघांच्या डोक्यात चोवीस तास होती.

त्या वर्षी आळीची एक स्मरणिका काढायचं ठरलं होतं. मजकूर, मांडणी माझ्याकडे. घाटाची जुनी प्रिंट इतकी उडाली होती की पायऱ्या आणि पाणी सोडून काही दिसत नव्हतं. मी मूळ निगेटिव्ह शोधून काढली आणि शनिवारी ऑफिस सुटल्यावर डार्करूममध्ये स्वतः बसून मोठी प्रिंट काढली. जिल्हा पेपरात उमेदवारी केली तेव्हा ते काम शिकलो होतो. निगेटिव्हची एक बाजू चकचकीत असते, एक मंद. मंद बाजू कागदाकडे हवी. हे मला माहीत होतं. घाई होती, मान दुखत होती — तपासलं नाही.

रविवारी सकाळी मी ती प्रिंट गॅलरीच्या दाराशी ठेवली. झकास आली होती. पायऱ्यांचा दगड न दगड मोजता येत होता. घाटाच्या एका अंगाला मारुतीचं उघडं ठाणं, दुसऱ्या अंगाला उंबर.

सखारामकाका वाकून बघत राहिले.

“मारुती डाव्या हाताला हुता.”

“उजव्या हाताला दिसतोय, काका.”

“दिसतोय रं. पर हुता डावीकडं. मास्तरांच्या भिंतीला लागून. म्या रोज त्याला तेल घातलंय.”

“तुम्ही रोज घातलं?” हौसाकाकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “सनासुदीला घालायचं तरी आठवत हुतं का?”

“तू गप. तवा तू आलीबी नव्हतीस.”

“तीस-पस्तीस वर्षं झाली, काका,” मी म्हटलं. “माणसाच्या डोक्यात बाजू बदलतात. फोटोत बदलत नाहीत.”

“आता छापलंय म्हनल्यावर आमी काय बोलायचं,” काका म्हणाले आणि विषय संपला.

इथे एक नोंद करतो. हे बोलणं झालं तेव्हा नाना बाथरूममध्ये होते, दार बंद होतं, नळ चालू होता. त्यांनी ते ऐकलंच नसेल असं मी शपथेवर सांगणार नाही.

अकरा वाजता चालणं सुरू झालं. नाना सगळ्यात शेवटी. हौसाकाकूंनी त्यांचा हात धरला आणि एकेक घर सांगत खाली आणलं.

“ह्ये कुंभाराचं. ह्ये आमचं. सासूबाई हायती, दीर हायती, मी हाय परात घिऊन.”

“परात अजून ठेवली नाहीस?” नाना म्हणाले. सगळे हसले.

“तुमी सांगितलं न्हाई ना, मास्तर. तुमी म्हनला हलू नगा.”

आमच्या घराशी ते थांबले. डाव्या ओळीतलं शेवटचं. खाली बसून त्यांनी फोटोच्या कडेवरून बोट फिरवलं. “सगळ्यांना उभं केलं,” ते म्हणाले, “मीच तेवढा राहिलो.” मग उठून घाटाशी आले, डावीकडे वळले आणि हात जोडले.

ही गोष्ट मी पाहिली. तिचा अर्थ तेव्हा लागला नाही. मारुती त्यांच्यासाठी डावीकडे होता. समोरच्या प्रिंटमध्ये तो कुठे आहे हे त्यांना दिसत नव्हतं.

जेवणं झाली. नानांना आतल्या खोलीत झोपवलं. एरवी जेवणाआधीच फोटो उचलले जायचे. त्या वर्षी मी थांबवलं. स्मरणिकेच्या मुखपृष्ठासाठी मला मांडलेल्या आळीचाच फोटो हवा होता आणि गॅलरीतून चांगलं ऊन तीननंतर यायचं. हौसाकाकूंना ते पटलं नाही. “घाट तरी उचल की.” मी म्हटलं, घाटाशिवाय फोटो कसा होईल? पाहुण्यांची ये-जा होती, कुणी पान खायला खाली उतरत होतं, म्हणून दाराची वरची कडी दिवसभर काढलेलीच होती.

तीन वाजून वीस मिनिटांनी मी फोटो काढले. तीन चाळीसला सुनंदा चहाचं विचारायला आत गेली आणि तशीच बाहेर आली. “नाना तुमच्याकडे आहेत ना?”

नव्हते. बाथरूममध्ये नव्हते, गच्चीवर नव्हते. दाराबाहेर चपलांचा ढीग होता, त्यात त्यांच्या चपला होत्या. काठी पलंगाला टेकवलेली. पायात काही न घालता गेले होते. आळीत चालतात तसे.

मी धावत खाली गेलो. वॉचमन गेटवर खुर्ची टाकून बसला होता.

“अपुन दो बजे से इधरच बैठेला है, साब. नानाजी नीचे आयाच नहीं.”

“पिछली बार भी तू सोया था क्या?”

“पिछली बार मैंनेच पकडा था, साब,” तो म्हणाला. खरं होतं ते. वॉचमन डुलक्या घेतात हेही खरं आहे. दोन्ही नोंदवतो.

वर आलो तर फोटो उचलायला दोन-तीन जण वाकले होते आणि हौसाकाकू त्यांना हाताने मागे सारत होत्या. मघाशी घाट उचल म्हणणाऱ्या बाई आता उचलू देत नव्हत्या.

“काकू, आत्ताच म्हणत होतात ना?”

“तवा मास्तर घरात हुते.” त्या चादरीच्या कडेला मांडी घालून बसल्या. “आता उचलला तर ते यायचे कुठनं? जा तुमी. म्या हितं बसती.”

मला संताप आला होता. वडील हरवलेत आणि ही बाई फोटो राखते आहे. पण वाद घालायला वेळ नव्हता. सुनंदा पोलीस चौकीत गेली, बाकीचे स्टेशन आणि बसस्टॉपकडे पांगले. मी आणि सखारामकाका रिक्षात बसलो. रिक्षावाल्याने विचारलं, कुठे? मी उत्तर द्यायच्या आत काका म्हणाले, “पानी कुठं हाय जवळ? तितं.”

सारसोळ्याचा धक्का आमच्या इमारतीपासून दीड-दोन किलोमीटर. अर्धा रस्ता तेव्हा खडीचा होता, पुढे खाजणाच्या दलदलीतली पायवाट. आम्ही पोचलो तेव्हा साडेचार वाजायला पाच-सात मिनिटं होती. भरती लागली होती. दोन होड्या हलायला लागल्या होत्या. धक्क्याच्या टोकाशी, पाण्याला पाठ करून नाना बसले होते. शेजारी एक म्हातारा मच्छीमार जाळं बाजूला ठेवून त्यांचा दंड धरून बसलेला.

“तुमचे हाय काय आजोबा?” त्याने विचारलं. “मना वाटला उतरतान आता पान्यात. एक पाय उचलला व्हता. दोन हाका मारल्या, ऐकाला नाय. मंग आपल्या आपन थांबले. मान अशी वाकरी करून बगत ऱ्हायले, नि मागं फिरून बसले.”

“किती वेळ झाला?”

“जाला अर्धा तास. मी सोरला नाय त्यांना.”

मी नानांसमोर बसलो. हात थंड होते, पण त्यांनी लगेच ओळखलं. “अरुण का? फोटो झाला का तुझा?”

पाय पोटऱ्यांपर्यंत ओल्या मातीने भरलेले होते. मी रुमाल काढला, पण मच्छीमाराने आधीच त्या मातीवरून बोट फिरवलं, चोळलं, नाकाशी नेलं.

“ह्यो चिखल आमचे खारीचा नाय, दादा. आमचा कालाकुट असतंय, वास मारतंय. घासल्याबिगर निंगत नाय.” त्याने पुन्हा बोट चोळलं. “ही गोरे पान्याची माती हाय, नदीची. रेती हाय हिच्यान.”

सखारामकाकांनी बोट लावून पाहिलं आणि हात मागे घेतला.

तळवे मी स्वतः पाहिले. ओरखडा नव्हता, काटा नव्हता. दोन किलोमीटर खडी आणि खाजण, अनवाणी, जवळजवळ आंधळा, चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस.

घरी हौसाकाकू होत्या तिथेच होत्या. नाना उंबऱ्याच्या आत आले तेव्हा त्या उठल्या, घाटाची प्रिंट उचलून पालथी केली, तांब्यातलं पाणी कुंडीत ओतलं. मग परात मागून घेतली आणि नानांचे पाय धुतले. पाय धुतलेलं पाणीही त्यांनी गॅलरीतल्या तुळशीत ओतलं. त्यातली चिमूटभर माती ठेवायला हवी होती हे मला ती मुरल्यावर सुचलं. पुरावा तुळशीत गेला.

नानांना चहा दिला. ते अर्धा कप प्यायले आणि विचारलं नसताना बोलायला लागले. मी समोरच्या खुर्चीवर बसून लिहून घेतलं; दुसरं काय करावं ते कळेना. म्हणून पुढचं त्यांच्याच शब्दांत आहे.

“झोप लागली नाही. उठलो तर आळी होती. डाव्या हाताने भिंती धरत उतरलो. कुंभार, सखाराम, सगळी दारं उघडी. घरात कुणी नाही. खाली आलो तर सगळे घाटावर. पाण्यात उभे. कमरेएवढ्या पाण्यात, ओळीने.”

“दिसत होतं तुम्हाला?” मी विचारलं.

“स्वच्छ. गेल्या कित्येक वर्षांत दिसलं नव्हतं असं.”

“कोण कोण होतं?”

“सगळी आळी. मी उभी केली होती तशीच. तुझी आई, पदर सावरत. हौसा होती, परात घेऊन.”

हौसाकाकूंच्या हातात ओली परात होती. त्यांनी ती हळूच खाली ठेवली. “मी हितं हाय की, मास्तर,” त्या म्हणाल्या.

“ती सतरा वर्षांची होती,” नाना म्हणाले. “म्हणाली, मास्तर, तुमचीच जागा राहिलीय, या. सगळ्यांनी थोडं थोडं सरकून मधे जागा केली. फोटोला करतात तशी.” ते थांबले. मग माझ्या दिशेने चेहरा केला. “तू पण होतास. छातीपर्यंत पाण्यात. डोळे मिटून.”

हॉलमध्ये बारा-तेरा माणसं होती. कोणी हललं नाही.

“मग उतरला नाहीत?” सुनंदाने विचारलं.

“उतरणार होतो. पाय उचलला. मारुतीला हात लावल्याशिवाय पाण्यात शिरत नाही आपण, म्हणून डावा हात पुढे केला. तर हाताला उंबर लागला. बघतो तर मारुती उजवीकडे. शेंदूर ताजा, पण काळा दिसत होता. म्हटलं, हा आपला घाट नव्हे. कुणीतरी दुसऱ्या घाटावर नेतंय. मागे फिरलो.” त्यांनी कप चाचपून टेबलावर ठेवला. “माणसं आपली होती रे. घाट आपला नव्हता.”

सखारामकाका माझ्याकडे बघत होते. मी उठलो, कपाटातून निगेटिव्हचं पाकीट काढलं आणि गॅलरीत जाऊन घाटाची निगेटिव्ह उरल्या उजेडात धरली. मंद बाजू माझ्याकडे केली, चकचकीत केली, पुन्हा मंद. दोन मिनिटांत स्पष्ट झालं. मारुती डावीकडे होता. मी प्रिंट उलटी काढली होती.

“म्या म्हनलं हुतं,” काका मागून म्हणाले. आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता.

तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे, कारण ते सगळं मी स्वतःशी म्हणून झालो आहे. नानांनी सकाळचं बोलणं नळाच्या आवाजातही ऐकलं असेल आणि पुढे मनाने त्याचं स्वप्न केलं असेल. फोटोतली माणसं त्यांनीच उभी केलेली, ती पाठच असणार. जुन्या फिल्मवर तांबडा रंग काळा येतो, हेही एका चित्रकला शिक्षकाला माहीत असतं. वॉचमन झोपला असेल. मातीबद्दल मच्छीमाराची चूक झाली असेल, जरी त्याचं सगळं आयुष्य त्या चिखलात गेलं होतं. प्रत्येक गोष्टीला उत्तर निघतं. मात्र सगळी उत्तरं एकाच दुपारी खरी ठरावी लागतात. आणि हात जोडताना ते डावीकडे वळले होते, हे मी पाहिलं होतं. बाजू बदलल्याचं त्यांनी ऐकलं असतं तर उजवीकडे वळले असते.

त्या घरात दुसऱ्या दिवसापासून एकच प्रश्न राहिला — पुन्हा जातील का? उत्तर हौसाकाकूंनी काढलं. पुढच्या रविवारी त्या सगळ्यांना घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, “क्यामेरा काढ. मास्तरांना जागा पायजे ना, हितंच करू.” हॉलच्या भिंतीशी सगळे ओळीने उभे राहिले, मधे नाना. नाना सारखे म्हणत होते, “मी कॅमेऱ्याच्या मागे बरा.” काका म्हणाले, “मास्तर, हलू नगा. तुमीच सांगायचा आमास्नी.” मी फोटो काढला. त्याची प्रिंट दोनदा तपासून काढली. पुढच्या वर्षापासून तो फोटो आळीत आमच्या दारापाशी ठेवला जातो. पहिल्या वर्षी नानांनी विचारलं, “कुठे ठेवलात मला?”

“तुमच्या उंबऱ्यावर,” काकू म्हणाल्या.

“तोंड घराकडे ना?”

“घराकडंच.”

नंतर नानांनी एकदाही पिशवी भरली नाही. डोळ्यांचं ऑपरेशन नीट झालं. नव्याण्णव साली ते घरीच, दुपारच्या झोपेत गेले. पाय कोरडे होते. हे मी पाहिलं, कारण पाहावंसं वाटलं.

स्मरणिका छापून झाली. त्यात घाटाचा फोटो आहे, मारुती उजवीकडे. तीन जणांनी पत्र लिहून चूक दाखवली. एकाने लिहिलं, वर्तमानपत्रातल्या माणसाकडून ही अपेक्षा नव्हती. अठरा वर्षांत मी दुसऱ्यांच्या चुकांच्या किती दुरुस्त्या छापल्या याची गणती नाही. ही छापली नाही. घाटाची सुलट प्रिंटही काढली नाही. आळी अजून मांडली जाते. वाटेच्या शेवटी तीच उलटी प्रिंट असते आणि आता तिला कोणी हरकत घेत नाही.

निगेटिव्ह माझ्याकडे आहे, त्याच जुन्या पाकिटात. पाकिटावर नानांच्या वळणदार अक्षरात लिहिलंय — ‘घाट. सकाळ. माणसं नाहीत.’

त्या संध्याकाळी गॅलरीत मी फक्त मारुतीची बाजू बघत होतो. पायऱ्यांकडे, पाण्याकडे लक्ष दिलं नव्हतं. नानांची नोंद अजून बरोबर आहे का, हे बघायला निगेटिव्ह खिडकीसमोर धरणं पुरेसं आहे. अर्ध्या मिनिटाचं काम. हाताखालून गेलेला प्रत्येक मजकूर मी पडताळून पाहिला. ही एक ओळ पडताळलेली नाही.